एकोणिसाव्या भागाची शेवटची नऊ मिनिटं

एनिड बटरवर्थ खोटं बोलत नाही, हे रॉचडेलमधल्या त्या सगळ्या गल्लीला ठाऊक होतं, आणि गल्लीला त्याचा थोडा जाचही होता. खाटकाला ती तोंडावर सांगे की आजचा खिमा सोमवारचा आहे. रविवारी चर्चच्या दारात पाद्रीसाहेबांचा हात हातात घेऊन ती हसतमुखाने म्हणे की प्रवचन छान झालं, मागच्या ईस्टरलाही छान झालं होतं. बावीस वर्षं सूतगिरणीच्या कचेरीत शॉर्टहँड टायपिस्ट म्हणून काढलेली बाई. साहेब जे बोलला ते लिहायचं, त्याने बोलायला हवं होतं ते नाही, अशी तिच्या हाताला शिस्त. पुढे गिरणी बंद पडली, साहेब गेले, शिस्त तेवढी मागे राहिली.

अशा बाईच्या हातून आयुष्यात एकच मोठी थाप मारली गेली, आणि ती दीडशे प्रतींत छापून निघाली.

त्याचं असं झालं. १९७२च्या शरदात दर गुरुवारी संध्याकाळी टीव्हीवर ‘दूरची चौकी’ नावाची मालिका लागू लागली. आकाशगंगेच्या पार टोकाला माणसांची एक चौकी, तिथे कप्तान ड्रॅव्हिक, डॉक्टर इल्व्हा आणि दर आठवड्याला एक नवं संकट. भिंती पुठ्ठ्याच्या होत्या. कप्तानाने दार आपटलं की खिडकीबाहेरचा ग्रह हलायचा. शत्रूचे सैनिक भांडी घासायच्या साबणाच्या रिकाम्या बाटल्या अंगाला चिकटवून यायचे, आणि कुठली बाटली कुठल्या साबणाची हे एनिडला बसल्या जागी सांगता यायचं. तरी पहिल्याच गुरुवारी तिचा जीव त्या चौकीत अडकला. का, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं, आणि नवऱ्याने विचारलंही नाही. क्लिफर्ड बसच्या डेपोत मेकॅनिक होता. दिवसाला पंधरा-वीस शब्द बोलायचा, त्यातले निम्मे चहाबद्दल.

नुसतं हातावर हात ठेवून बसणं एनिडला जन्मात जमलं नव्हतं. विणायला घेतलं तर टाक्यांकडे बघावं लागे आणि पडद्यावरचं निसटे. म्हणून ती मांडीवर वही घेऊन बसे आणि चौकीवर जो जो जे जे बोलेल ते शॉर्टहँडमध्ये उतरवून घेई, जणू कप्तान ड्रॅव्हिक तिचा नवा साहेब होता. मालिका तीन वर्षं चालली. बेचाळीस भाग, अकरा वह्या.

मालिका संपून वर्ष झालं तेव्हा वाचनालयाच्या फलकावर एक चिठ्ठी लागली: ‘दूरच्या चौकीवर प्रेम करणाऱ्यांनी संपर्क साधावा. थट्टा करणाऱ्यांनी साधू नये.’ खाली ट्रेव्हर पिलिंग अशी सही. ट्रेव्हर महापालिकेत घरपट्टीच्या खात्यात कारकून, वय पंचवीस, दाढी वाढवायचे प्रयत्न चालू. एनिडने संपर्क साधला. पहिल्या बैठकीला तिच्या बाहेरच्या खोलीत नऊ जण जमले, त्यातल्या चौघांनी आयुष्यात पहिल्यांदाच दुसऱ्या माणसाशी या विषयावर तोंड उघडलं होतं, आणि ते मग साडेदहापर्यंत मिटलं नाही. ट्रेव्हर अध्यक्ष झाला, कारण सायक्लोस्टाइलचं यंत्र त्याच्याकडे होतं. एनिड टायपिस्ट झाली, कारण बाकीच्यांना दोन बोटांनी टाइप करता येत होतं.

क्लबने नियतकालिक काढलं, त्याचं नाव ‘पहारा’. तीन महिन्यांनी एक अंक. त्यात सभासदांनी लिहिलेल्या चौकीच्या नव्या गोष्टी असत, कप्तानाची चित्रं असत (नाक कुणालाच जमलं नाही), आणि निम्मा अंक पत्रव्यवहाराला दिलेला असे. पत्रव्यवहार म्हणजे भांडणं. ॲबर्डीनचा माणूस ब्रिस्टलच्या माणसाला कळवी की चौकीला सहा दरवाजे होते, सात नव्हे, आणि हे भांडण पाच अंक, म्हणजे सव्वा वर्ष पुरे. एनिड हे सगळं टाइपरायटरची फीत काढून मेणाच्या स्टेन्सिलवर ठोकत असे. अक्षर चुकलं तर नखाच्या रंगासारख्या वासाचा गुलाबी द्राव लावायचा, फुंकर मारायची, पुन्हा ठोकायचं. तिची अक्षरं फार चुकत नसत.

‘पहारा’चं खरं नाव झालं ते मात्र सूचीमुळे. बेचाळीसही भागांत काय घडतं ते अथपासून इतिपर्यंत, एनिडच्या वह्यांवरून. त्या काळी भाग एकदा दाखवला की संपला. तो घरी ठेवायची सोय फार थोड्यांकडे, आणि मालिका बनवणाऱ्या कंपनीने तर टेपा पुसून त्यावर घोड्यांच्या शर्यती भरल्या होत्या. तेव्हा चौकीचं जे काय उरलं होतं ते लोकांच्या डोक्यात आणि एनिडच्या वह्यांत. डोक्यांचा भरवसा कुणी धरत नव्हतं.

सूचीचं काम १९७७च्या उन्हाळ्यात रोज दोन भाग या वेगाने चाललं होतं. एका रविवारी दुपारी ट्रेव्हर निरोप ठेवून गेला की आजच्या स्टेन्सिली संध्याकाळी न्यायला येतो. एनिडने पाचवी वही उघडली, एकोणिसावा भाग काढला. चौकीच्या इंधनकुंडात आग लागते. ज्वाळा छतापर्यंत. कप्तान पाण्याची बादली घेऊन धावतो. आणि त्यापुढे कागदावर तेलाचा एक डाग, बाकी कोरं.

तो गुरुवार तिला डागासकट आठवला. क्लिफर्ड डेपोतून भुकेला आला होता, ती मालिका सोडून उठली नव्हती, आणि त्या गृहस्थाने लग्नानंतर पहिल्यांदाच स्वतः बटाट्याच्या चिप्स तळायला घेतल्या होत्या. कढई पेटली. पेटली म्हणजे अशी की खिडकीचा पडदा गेला. क्लिफर्ड बादली भरून घेऊन धावला, आणि एनिड बाहेरच्या खोलीतून ओरडत आली की पाणी नाही, पाणी नाही. तिने गॅस बंद केला, भांडी पुसायचं फडकं भिजवलं, पिळलं, कढईवर अंथरलं, आणि क्लिफर्डला मागच्या पायरीवर बसवून सांगितलं की अर्धा तास कढईला हात लावायचा नाही. परत टीव्हीसमोर आली तेव्हा हवामानाचा अंदाज चालू होता. स्वयंपाकघराचं छत काळं पडलं ते दोनदा रंग देऊनही पुरतं गेलं नाही. क्लिफर्डने त्यानंतर स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नाही, आणि तो विषय घरात निघाला नाही.

तेव्हा आग कशी विझली हे एनिडला माहीत नव्हतं. जागा कोरी सोडावी तर सूची अपुरी. कुणाला विचारावं तर आपण पाहिलं नाही हे कबूल करावं लागणार. पाच वाजले. ट्रेव्हर येतच असेल. तिने स्टेन्सिल चढवली आणि आठ ओळी ठोकून दिल्या: डॉक्टर इल्व्हा कप्तानाच्या हातातली बादली उडवून लावते, ‘पाणी नाही’ म्हणते, अंगातला कोट काढून भिजवते, पिळते, कुंडाच्या तोंडावर अंथरते आणि सगळ्या शूर सैनिकांना भिंतीशी रांगेत बसवून सांगते की अर्धा तास कुणी हात लावायचा नाही. गुलाबी द्रावाची गरज पडली नाही. एका दमात, बिनचूक.

तिला वाटलं, बेचाळीस भागांच्या ढिगात आठ ओळी कोण बघतो.

सगळ्यांनी नेमक्या त्याच बघितल्या. पुढच्या अंकासाठी आलेल्या पत्रांत ओल्या कोटाशिवाय दुसरा विषय नाही. लीड्सच्या एका शाळामास्तरांनी लिहिलं की सबंध मालिकेत शास्त्राला धरून असलेली ही एकच गोष्ट. चित्रकारांना कप्तानाच्या नाकापासून सुटका मिळाली, ते कोट काढू लागले. कोटाचे बिल्ले निघाले. बसवर कंडक्टर असलेली जॉइस कर्शॉ तर क्लबात आली तीच मुळी त्या कोटापायी. तिचं म्हणणं असं की पुरुषांना भिंतीशी बसवणारी डॉक्टरीण पाहायला ती आकाशगंगेच्या टोकापर्यंत तिकीट न काढता गेली असती. सगळ्यांनी तो भाग पाहिल्याचं सांगितलं, आणि वाईट हे की खोटं कुणीच बोलत नव्हतं. वाचून वाचून त्यांना तो दिसू लागला होता.

एकट्या कार्डिफच्या प्रॉसर नावाच्या गृहस्थांनी लिहिलं की त्यांच्या आठवणीप्रमाणे तिथे पांढरा फेस मारून आग विझवली होती. ट्रेव्हरने त्यांना साडेतीन पानी उत्तर छापलं. त्यात ‘ज्यांना बेचाळीस भागांची सूची उपलब्ध असूनही’ हे शब्द चार वेळा आले. पुढच्या अंकात प्रॉसरांनी माफी मागितली. ती माफी एनिडला स्वतःच्या हाताने टाइप करावी लागली, आणि त्या पानावर तिची सात अक्षरं चुकली.

चार वर्षं अशीच मूग गिळण्यात गेली. मग १९८१च्या ऑक्टोबरात ट्रेव्हरने पराक्रम केला. क्लबच्या वार्षिक मेळाव्याला त्याने ऑब्री फॅरंट यांना बोलावलं आणि ते येतो म्हणाले. एकोणिसावा भाग लिहिणारा लेखक तो हाच. ट्रेव्हर बुधवारच्या बैठकीत उभा राहून म्हणाला की पहिला प्रश्न ओल्या कोटाचा आणि तो अध्यक्ष विचारणार. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एनिडची पाचावर धारण बसली. शनिवारी दोन वाजता, शंभर माणसांसमोर, तो माणूस म्हणणार की कसला कोट? आणि मग बेचाळीस भागांची सूची, अकरा वह्या, बावीस वर्षांची शिस्त, सगळं त्या कुंडात.

पाहुण्यांच्या जेवणाची जबाबदारी तिने मागून घेतली. आधी गाठून सांगून टाकावं, एवढंच तिच्या मनात होतं.

फॅरंटसाहेब साडेअकराच्या गाडीने लंडनहून आले. बदामी सूट, गळ्यात रेशमी रुमाल. मटण-बटाटा भरलेली भाजलेली पेस्ट्री आणि लाल कोबीचं लोणचं त्यांनी दोनदा घेतलं. क्लिफर्ड समोर बसून आपल्या ताटाशी बोलावं तसा जेवत होता. खीर वाढल्यावर एनिडने विषय काढला.

“फॅरंटसाहेब, एकोणिसाव्या भागात आग कशी विझते हो?”

“ओल्या कोटाने. अहो, मीच लिहिलाय तो.”

“तुम्ही नाही लिहिलेला. मी लिहिलाय.”

चमचा खाली ठेवून ते ऐकत राहिले. तिने सगळं सांगितलं: वही, डाग, कढई, पडदा, फडकं, छत. क्लिफर्डचे कान लाल झाले, पण तो खात राहिला. फॅरंटसाहेब आधी हसले, मग इतके हसले की गळ्यातला रुमाल डोळ्यांना लावावा लागला. म्हणाले, तो भाग त्यांनी आणखी दोन भागांबरोबर एका आठवड्यात लिहिला होता आणि त्या आठवड्यातलं त्यांना काहीच आठवत नाही, हवामानसुद्धा. कोटाबद्दल त्यांना पहिल्यांदा कळलं ते क्लबने पाठवलेल्या ‘पहारा’तूनच. वाचून त्यांना वाटलं होतं, बरं लिहितो की आपण.

“मग आज सांगून टाकू या,” एनिड म्हणाली.

“कशाला बाई? तुमची सूची शाबूत, माझा कोट शाबूत, लोक खूश. यात मेलं कोण?”

“कार्डिफचे प्रॉसर.”

प्रॉसर कोण हे त्यांनी विचारलं नाही. अजून थोडी खीर घेतली. शेवटी ठरलं ते असं, की कुणी विचारलं तर फॅरंटसाहेब म्हणतील, फार वर्षं झाली, आठवत नाही. तेवढं तर खरंच होतं. एनिडने त्यावर समाधान मानलं, म्हणजे मानायचा प्रयत्न केला.

मेथडिस्ट चर्चच्या सभागृहात एकशे बारा माणसं होती. मागच्या बाजूला चहाचं मोठं पिंप, तिथे एनिड आणि जॉइस. क्लिफर्ड शेवटच्या रांगेत. तो फक्त खुर्च्या उचलायला आला होता. ट्रेव्हरने घसा खाकरून पहिला प्रश्न विचारला. फॅरंटसाहेबांनी छताकडे पाहिलं, एकशे बारा माणसांकडे पाहिलं, आणि आठवत नाही हे दोन शब्द सोडून ते सगळं काही बोलले. म्हणाले, मी नऊ वर्षांचा होतो. आई शेजारी गेली होती. वडिलांनी आयुष्यात पहिल्यांदा चिप्स तळायला घेतल्या. कढई पेटली, पडदा पेटला, वडील बादली घेऊन धावले, तेवढ्यात आई दारातून ओरडत आली. वडिलांना मागच्या पायरीवर बसवून ती म्हणाली, अर्धा तास हात लावायचा नाही. आणि छत, ते हलक्या आवाजात म्हणाले, दोनदा रंग दिला तरी काळंच राहिलं.

जॉइस डोळे पुसत होती. एनिडच्या हातातला कप भरून चहा बशीत, बशीतून टेबलावर, टेबलावरून तिच्या बुटावर गेला. आयत्या बिळावर नागोबा तिने पुष्कळ पाहिले होते. बिळाच्या भिंतीच्या रंगासकट उचलणारा हा पहिलाच.

शेवटच्या रांगेत एक खुर्ची सरकली. क्लिफर्ड उभा होता.

“ती कढई माझी,” तो म्हणाला.

सगळं सभागृह वळलं. ट्रेव्हरने विचारलं, काय म्हणालात?

“कढई माझी. पडदाही आमचाच.” आणि तो खाली बसला. आठ वर्षं ज्या गोष्टीची त्याला लाज वाटत होती ती दुसऱ्या कुणी स्वतःची म्हणून मिरवलेली मात्र त्याला चालली नाही.

आता एनिडला गप्प राहणं शक्य नव्हतं. पिंपाची तोटी बंद करून ती तिथूनच बोलली. फार वेळ नाही, तीन-चार मिनिटं. आपण ती शेवटची नऊ मिनिटं पाहिलेली नाहीत, आठ ओळी आपल्या मनच्या आहेत, आणि प्रॉसरांशी क्लबने अन्याय केला. फॅरंटसाहेब गोड हसून म्हणाले की आठवण ही मोठी गमतीची गोष्ट असते.

मग स्टॉकपोर्टचा एक माणूस उठला. त्याने तो कोट स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता, निळा होता, आणि बटरवर्थबाई दमलेल्या दिसतात. दुसरा म्हणाला, निळा कसा असेल, करडा होता. तिसऱ्याने विचारलं की तुमच्याकडे तेव्हा रंगीत टीव्ही होता का. नव्हता. निळा की करडा यावर पंधरा मिनिटं गेली आणि एनिडला कुणी काहीच विचारलं नाही. आयुष्यात एकदा खोटं बोलली तर सगळ्यांचा विश्वास बसला, आणि खरं सांगायला उठली तर तिला खुर्ची देऊन पाणी प्यायला लावलं. फॅरंटसाहेब पाच दहाच्या गाडीने परत गेले. जाताना त्यांनी सत्तर-ऐंशी वह्यांवर सही केली, प्रत्येक सहीखाली एक छोटासा कोट काढून.

ट्रेव्हर दोन बुधवार आला नाही. तिसऱ्या बुधवारी तासभर लवकर आला, टोपी हातात.

“तुम्ही खरं बोलताय हे मला कळतंय, मिसेस बटरवर्थ,” तो म्हणाला. “तुम्ही कधी नाही बोललात? पण छापू नका. एक पान खोटं म्हटलं की बाकीची कोण खरी मानेल? ती सूची गेली तर आपल्याकडे राहिलं काय? पुठ्ठ्याच्या भिंती.”

एनिडला त्याचं दुःख कळत होतं. तो घरपट्टीच्या खात्यात आठवड्याचे पाच दिवस काढत असे ते या सूचीच्या जोरावर. पण ती म्हणाली की स्टेन्सिल ती कापते, आणि जे खरं नाही त्याखाली तिची अक्षरं आता जाणार नाहीत. ते पान गेलं नाही तर टायपिस्ट दुसरी बघावी. ट्रेव्हरने आपल्या दोन बोटांकडे पाहिलं. पान छापायला हरकत नाही म्हणाला. त्याच्या मनात काय आहे ते रविवारी कळलं.

अंक जुळवायचा रविवार म्हणजे एनिडच्या जेवणाच्या टेबलाभोवतीची प्रदक्षिणा. पानांचे ढीग क्रमाने मांडायचे, आणि एकामागून एक टेबलाभोवती चालत प्रत्येक ढिगातलं एकेक पान उचलत जायचं. शेवटाला क्लिफर्ड स्टेपलर घेऊन बसलेला. सातव्या ढिगात एनिडचं पान होतं. वर चारच ओळी: ‘एकोणिसाव्या भागाची शेवटची नऊ मिनिटं संकलन करणारीने पाहिलेली नाहीत. आग कशी विझली हे तिला ठाऊक नाही. ओला कोट तिच्या स्वयंपाकघरातला आहे. कार्डिफचे श्री. प्रॉसर यांची ती माफी मागते.’

ट्रेव्हर पुढे चालत होता आणि दर फेरीला सातव्या ढिगाशी आला की त्याचं लक्ष खिडकीबाहेर जात होतं. त्याच्या मागे जॉइस. कंडक्टर बाई; कुणी फुकट चाललं तर तिला पाठीमागूनही दिसायचं. ट्रेव्हरने न उचललेलं पान ती आपल्या गठ्ठ्यात घालत गेली, म्हणजे स्वतःचं एक आणि त्याचं एक. तिच्या मागून येणारा तिसरा सभासद आपली पानं इमानाने उचलत होता. क्लिफर्ड जे समोर येईल ते ठोकत होता. संध्याकाळी हिशेब लागला तो असा: पन्नास अंकांत ते पान नाही, पन्नास अंकांत एक, आणि पन्नास अंकांत दोन.

“अगं, एकदा तरी सांगायचंस,” एनिड म्हणाली.

“तो सांगून वगळत होता का?” जॉइस म्हणाली.

पाकिटांवर पत्ते आधीच चिकटवलेले होते. अंक टपालात पडले.

पंधरा दिवसांत त्रेसष्ट पत्रं आली. ज्यांना पान मिळालं नव्हतं त्यांना दोनवाल्यांबद्दल कळलं आणि ते खवळले. दोनवाल्यांनी जास्तीचं पान अदलाबदलीला काढलं. एक पान देऊन इल्व्हाची दोन चित्रं किंवा एक बिल्ला असा भाव फुटला. ट्रेव्हरने सरळ छापू दिलं असतं तर ते पान निम्म्यांनी वाचलंही नसतं. आता देशभर सगळ्यांनी ते वाचलं, काहींनी पाठ केलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असं जॉइसने त्याला बसमध्ये, भर गर्दीत ऐकवलं.

प्रॉसरांचं पत्र सभ्य होतं. त्यांनी लिहिलं की माफीची काही गरज नाही, कारण त्यांनी पुष्कळ विचार केला आणि आता त्यांना तो ओला कोट अगदी स्पष्ट आठवतो. एनिडने ते पत्र दोनदा वाचलं आणि चहा ठेवायला उठली.

पण बाकीची काही पत्रं निराळी होती. नॉर्विचहून तिथल्या क्लबचा सूचीकार लिहीत होता की त्यांच्या सूचीतले तीन भाग त्याने पाहिलेले नाहीत, तेव्हा तो बोटीवर नोकरीला होता. पेस्लीच्या एका बाईंनी कळवलं की एकतिसावा भाग पूर्णपणे त्यांच्या बहिणीने रचलेला आहे आणि बहीण आता कॅनडात असल्याने तिला विचारता येत नाही. स्वान्सीच्या दोघा भावांनी एकमेकांविरुद्ध स्वतंत्र कबुलीजबाब पाठवले. एनिडने एकही शब्द इकडचा तिकडे न करता सगळे टाइप केले. ट्रेव्हर वाचत गेला तसतसा त्याचा चेहरा आधी पडला आणि मग, का कोण जाणे, खुलला. देशभरच्या सूचीकारांत आपल्या बाईंचं नऊ मिनिटांतच भागलं होतं.

जानेवारीत तो पुन्हा तासभर लवकर आला. म्हणाला, नवी आवृत्ती काढू या. पण या वेळी जिथे जिथे तुम्ही खुर्चीवरून उठलात तिथे तसं लिहा. एनिड म्हणाली, ते तर वहीत आहेच. शॉर्टहँड लिहिणारी बाई उठली की खूण करून उठते. एकोणिसाव्याला फक्त घाई होती.

त्या आवृत्तीसारखी सूची दुसरी झाली नाही. बाराव्या भागात कप्तान शत्रूला म्हणतो ‘तुमच्या राणीला सांगा’, आणि पुढे कंसात: दाराशी कोळसेवाला, एक मिनिट. तिसाव्यात इल्व्हाचा प्रियकर मरायला टेकतो. कंसात: सासूबाईंचा फोन, मी परत आले तेव्हा प्रियकर मेलेला. कप्तान आणि कोळसेवाला यांत जास्त कोण आवडतं यावर पत्रव्यवहारात दोन तट पडले. ट्रेव्हर कुरकुरत राहिला की ही आकाशगंगेची सूची आहे की बटरवर्थांच्या घराची, पण दुसऱ्यांदा छापायची वेळ आली तेव्हा शाई त्यानेच आणली.

एक शंका मात्र त्याच्या मनातून जात नव्हती. तेविसाव्या भागाची स्टेन्सिल उजेडाकडे धरून तो बराच वेळ पाहत राहिला.

“मिसेस बटरवर्थ, यात एकही कंस नाही. पंचवीस मिनिटं घरात कुणी हाक मारली नाही, कुणी आलं नाही, गेलं नाही? मला खरं काय ते सांगा.”

“त्या आठवड्यात क्लिफर्ड ब्लॅकपूलला होता,” एनिड म्हणाली.

क्लिफर्डने स्टेपलरमधून मान वर काढली, आठवून पाहिलं, आणि होकारार्थी हलवली. ट्रेव्हरने तेवढ्यावर स्टेन्सिल यंत्रावर चढवली.